डावी बाजू

नईम बागवाननं दुकानाला नाव दिलंय ‘नापोली’,
गल्ली म्हणते नईमची भट्टी.
जालन्यात, अंबड चौफुलीच्या अलीकडं, पंक्चरवाल्याला लागून
पाच टेबलं, एक कुलर
आणि अख्ख्या भिंतीवर समुद्राचा फोटो.
आमच्या नळाला त्या आठवड्यात पाणी नव्हतं.

पगार झाला होता. तात्यांना म्हणलं, चला.
मैदा मला बाधतो, म्हणाले.
मग शर्ट बदलून पायरीवर येऊन बसले.

नईम सात महिने जहाजाच्या स्वयंपाकघरात होता,
तिकडच्या बंदरात एका म्हाताऱ्यानं त्याला हे शिकवलं,
असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आम्हालाही सांगितलं.
टमाटे चुलत्याच्या गाड्यावरचे,
चीज भोकरदनकडच्या म्हशींचं, घरी केलेलं,
लाकूड बाभळीचं.
"बाकी सगळं इटलीचं, बाजी."
बाकी काय उरलं होतं, ते मी विचारलं नाही.

तात्या ऐकतच नव्हते.
लग्नात नवरा-नवरी सोडून
कुणी मांडवाच्या गाठी बघत बसावं
तसे ते घुमटाकडं बघत होते.

दीड मिनिटात पिझ्झा आला.
कडा फुगलेल्या, त्यांवर काळे ठिपके,
मधे सगळं ओलं, लाल, सांडू सांडू,
वर सब्जाची चार पानं.
मी सुरी-काट्याशी झटत राहिले.
तात्यांनी तुकडा दुमडला, फुंकर न घालता तोंडात टाकला.
एकतीस वर्षं मिलच्या भट्ट्या बांधून
त्यांची बोटं गरम काय, गार काय, विसरून गेलीत.

"डाव्या अंगानं करपू राहिलाय," ते म्हणाले.

झालं, मला वाटलं.
शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघायला लागली.
तात्या उठले, नईमच्या बाजूनं वाकले,
उलट्या मुठीनं वीट वाजवली. कान दिला.
पुढची वाजवली.
"कुठली रे ही वीट?"
"भंगारातली, चाचा. एमआयडीसीत ती मिल बंद पडली ना..."
त्यानं नाव सांगितलं.

त्या मिलकडं तात्यांचा अकरा महिन्यांचा पगार
अजून आहे.

ते परत येऊन बसले.
पिझ्झा गार झाला होता, चीज कातड्यासारखं आखडलेलं.
तरी त्यांनी कड उचलली, चावत राहिले.
"सळई लाल असली की भाकर तिच्यावर धरायचो आम्ही,"
म्हणाले, "लोखंडाचा वास यायचा."
थोड्या वेळानं: "वाईट नव्हता."
मी काट्यानं प्लेटमधलं एक पान
इकडून तिकडं केलं.

बिल चारशे चाळीस. नईम घेईना.
तात्यांनी पाचशेची नोट
मिठाच्या डबीखाली दाबली आणि विचारलं,
"बंद कधी ठेवतोस?"
"सोमवार."
"मग रविवारी रात्री विझव. पाणी नको मारू. आपोआप निवू दे."

सोमवारी दहा वाजता नईमचा फोन.
"बाजी, चाचा भट्टीत गेलेत."
ड्युटीवरनं पळत सुटले मी,
चौफुलीपर्यंत रिक्षा, पुढं पायी,
मधेच आठवलं की भट्टी गार असेल,
तरी पळतच होते.

भट्टीच्या तोंडातून बाहेर नुसते पाय.
विजार दुमडलेली, एक चप्पल निसटून स्टुलाखाली.
आत ठकठक, खोकला,
मग राख भसकन बाहेर.
मी म्हणलं, तात्या, तुमची छाती.

"उजेड धर," आतून आवाज आला,
घुमटात फिरून आलेला, भलामोठा,
मी शाळेत होते तेव्हा घरात घुमायचा तसा.
"डावीकडं. अजून डावीकडं."

नईमनं मोबाईलचा दिवा आत धरला.
मी पर्स समुद्राखाली ठेवली,
बाह्या वर केल्या
आणि मातीचं घमेलं पुढं सरकवलं.