शीत

बारा जणांची बोट खाडीच्या तोंडाशी नांगरून
व्हर्नाने आम्हाला कयाकांमध्ये दोघादोघांत वाटलं.
माझ्या वाट्याला ती स्वतःच आली,
बहुतेक माझी वल्हं धरायची रीत पाहून.

पाणी दुधाळ, हिरवट, तांदळाच्या धुवणासारखं.
त्यात बर्फाचे तुकडे चुरचुरत होते,
तापल्या तव्यावर शिंतोडे पडावेत तसे.
"जुनी हवा सुटतेय," ती म्हणाली,
"तिला बोलू दे."

समोरची निळी भिंत अधूनमधून तडकायची;
आवाज मागाहून यायचा,
पाण्याचा फुगवटा त्याच्याही मागाहून.

देवमासा आधी वासाने कळला:
कुजक्या मासळीचा उष्ण श्वास,
मग काळी पाठ, वळत वळत, संपता संपेना.
मी वल्हवायचं विसरले. व्हर्ना नाही.
तिने कयाकच्या कडेवर दोनदा टकटक केलं,
दार ओळखीचं असल्यासारखं.

परतताना तिने एक तुकडा उचलला,
थर्मासच्या झाकणात टाकला, वर चहा ओतला.
"आम्ही लिंगित लोक हिमनदीला सीत म्हणतो."
शेवटचं अक्षर तिने घशातच तोडलं.
"आमच्याकडे शीत म्हणजे भाताचा दाणा," मी म्हटलं,
"एकच चेपून बघायचा, अख्खं भांडं कळतं."

ती हसली नाही.
वल्ह्याने एक काळा खडक दाखवला,
लांब, आमची बोट उभी होती त्याच्याही पलीकडे.
"बाबा सीलच्या शिकारीला यायचे, तेव्हा भिंत तिथे होती."

झाकण माझ्या हातात आलं.
तुकडा अजून विरघळायचा होता.
दाताखाली धरला.