संपालंय

शहापूर, माडीवरचा वर्ग, संध्याकाळी सात.
खाली पॉवरलूम. दर वाक्याला धोट्याची टाळी.

पुस्तकात लिहिलंय: मी जेवत आहे.
बाकावरचं कुणीच तसं बोलत नाही.
"जेवालोय बाई," म्हणतात.
मी फळ्यावर तेच लिहिते, समोर आय अ‍ॅम ईटिंग.
चालू वर्तमानकाळ तेव्हा कुठे चालू लागतो.

भरमा कंग्राळीचा, वय एकेचाळीस.
उद्यमबागेत फौंड्रीत होता बावीस वर्षं;
आता मस्कतची मुलाखत, सोमवारी, फोनवर.
घरात मराठी, शेजारी कन्नड, सुपरवायझरशी हिंदी,
कुठं अडला नाही कधी.

"आय वर्क्ड," मी सांगते, "काम संपलं की."
तो वहीत उतरवत नाही.
भट्टी विझलीय, पण मालकानं
हिशोब अजून दिलेला नाही,
गेटची एक किल्ली ह्याच्याच खिशात.
"संपलं म्हणू बाई, का संपालंय?"

मग मी हॅव बीन शिकवते:
मागं कधीतरी सुरू झालेलं,
अजून हात न सोडणारं.
तो तळवा बघतो. तापल्या रसाचे शिंतोडे उडून
पडलेले डाग, जोंधळ्याएवढे.

"हॅव बीन," म्हणतो. "हॅव बीन, हॅव बीन."
धोटा मधेच थांबतो. लाईट गेली.
अंधारात कुणीतरी विचारतं,
"बाई, उद्या वर्ग आहे, का असणार आहे?"