हयातीचा दाखला

नोव्हेंबर. अमळनेरची बँक.
माझ्या खिडकीशी झिपरू आप्पा,
माजी राज्यपाल,
पिशवीत भरिताची वांगी.

मशीन अंगठा घेत नाही.
"पुसा, आप्पा. पुन्हा दाबा."
धोतराला पुसतात. पुन्हा लाल दिवा.

याच हाताने, दूर डोंगरातल्या राज्यात,
पहाटे तीनला
सरकार घालवायच्या शिफारशीवर सही.
शाई थंडीने धरली होती, सांगतात,
शिपायाने पेन काखेत धरून ऊब दिली.
शिपायाचं नाव आठवतं त्यांना.
मुख्यमंत्र्याचं नाही.

रांगेतून सखुबाई ओरडते,
"ओ भाऊ, जित्ता शे ना तो,
माले दिखी ऱ्हायना!"

मी कागदी फॉर्म काढतो.
आप्पांची सही थरथरत रेघेखाली उतरते.
साक्षीदाराच्या रकान्यात
सखुबाईचा अंगठा
निळाशार उमटतो.