मछली खडकहून

मुनव्वर,
तू लिहितोस, तिथली कुठलीही गल्ली धरली
की उतार लागतो, उताराच्या शेवटी समुद्र.
घरं चुन्याची, दारं निळी,
आणि वेल्डिंगचा चष्मा काढला की दुपार पांढरीफटक.

इथं कुठलीही गल्ली धर, शेवटी दरवाजा लागतो.
तटाची भिंत केव्हाच गेली,
कुणाच्या जोत्यात, कुणाच्या हौदात.
दरवाजे तेवढे उभे.
रिक्षा त्यांना वळसा घालून जातात
रुसलेल्या व्याह्याला टाळावं तशा.

दिल्ली गेट दिल्लीकडे तोंड करून, पैठण गेट पैठणकडे,
मकाई गेटचा मक्याशी संबंध नाही, ते मक्केकडे बघतं.
कटकट गेटचं नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही,
पण सकाळी दहाला तिथून स्कूटर काढून बघ.

रविवारी मी टेप घेऊन हिंडतो.
रिटायर ट्रेसरला दुसरं काय येतं?
बुढी लेनमध्ये एक कमान मोजली:
सात फूट चार इंच,
माथ्याच्या दगडात पोपट, चोच उडालेला.
आतून बाई म्हणाली, "रुंदीकरणवाले का?"
म्हटलं, नाही, नुसतंच.
"नुसतंच कोण मोजतं?"
आणि चहा पाठवला.

मग मछली खडक.
तुझ्या अब्बांच्या दुकानात आता स्टीलची भांडी.
समुद्र नाही, मासळी नाही, नाव तेच.
चौघांना विचारलं, मछली आली कुठून?
चार उत्तरं मिळाली.
पाचवं तू सांगायचास:
खाली नहर आहे, खापराच्या नळांची,
तिच्यात एक मासा राहून गेलाय,
म्हातारा, आंधळा,
बेगमपुऱ्यापासून इथवर ये-जा करतो.

तुझ्या समुद्राला म्हणे भरती फारशी नसतेच.
आमच्या नळाला असते.
आठव्या दिवशी, रात्री अडीचला.
आधी नुसती हवा. अख्खी गल्ली फुसफुसते.
दिवे लागतात, जाळ्यांच्या खिडक्या
रस्त्यावर आडव्या पडतात,
पिंपं, हंडे, नातवाचा आंघोळीचा टब,
कुणी कुणाशी बोलत नाही.

परवा हवेनंतर पाइपात काहीतरी
दोनदा आपटलं.
सुलोचना म्हणाली, गंज असेल.

बादली पिंपात ओतण्याआधी
मी एकदा
बॅटरी मारून आत बघितलं.