कुठवर गुलाबी

हातोडी मारत जाते पायरी-पायरीनं.
टण्. टण्. टण्. मग एकदम ठप्प.
तिथं खडूचा गोल.
संध्याकाळपर्यंत पूर्वेचा स्टँड
देवी आलेल्या पोरासारखा दिसतो.

माँटेव्हिडिओत वारा येतो नदीवरून.
नदी कसली, समुद्रच तो, फक्त रंग मातीचा.
एकतीस साली कंत्राटदारानं किनाऱ्याची वाळू
न धुताच कालवली असावी.
छिद्र पाडून काढलेल्या गाभ्यात
शिंपला सापडला. अख्खा.
ब्रिसानं तो नमुन्याच्या पिशवीत न टाकता खिशात टाकला.
मी दुसरीकडे बघितलं.

ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर
फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारायचा.
गुलाबी उमटलं तर अजून धुगधुगी आहे,
तिथली सळई पांघरुणात आहे.
रंग धरत नाही, तिथवर हवा पोचली.
पंच्याण्णव वर्षांत हवा चालली
साडेचार सेंटिमीटर.
सळई तीनवरच होती.

नकाशात प्रत्येक तुळईला सोळा सळया.
स्कॅनरला दिसतात अकरा.
पुन्हा फिरवला. अकराच.
उरलेल्या पाच कुणाच्या घराच्या छतात गेल्या,
कुणाच्या द्राक्षांच्या मांडवाला,
ते विचारायला कुणी शिल्लक नाही.
हिशेबानं हा स्टँड
केव्हाच खाली यायला हवा होता.
आणि रविवारी गोल झाला की
चार हजार माणसं उड्या मारतात
सेकंदाला दोन.
स्टँडलाही नेमका तोच ठेका आवडतो.
पडद्यावर रेघ वर वर चढताना
माझ्या पोटात गोळा आला.

नासारियो, मैदानाचं गवत राखणारा,
मातेचा तुंबा पुढं करतो.
"सोसायची सवय आहे त्याला, इंजिनिअरबाई."

अहवालात सवय लिहिता येत नाही.
सवयीला एकक नसतं.

मी लिहिलं: तुळयांना खालून कार्बनच्या पट्ट्या,
सहा डॅम्पर,
खारट थर खरवडून नवा गिलावा,
आणि पोलादी खांब, तीन.
दोन जिन्यामागं लपतात.
तिसरा कुठंही सरकवला
तरी बाराव्या रांगेसमोर येतो.
चार रात्री सरकवून पाहिला.

कुठल्या खुर्च्या, त्यानं विचारलं.
अडतीस ते एकेचाळीस.
तो काही बोलला नाही. चढत गेला,
गुडघ्यावर हात टेकत, खडूचे गोल चुकवत,
चाळीसवर बसला.
मी खाली खांबाच्या जागी
हात वर करून उभी राहिले.

बराच वेळ.

मग त्यानं मान जराशी डावीकडं कलती केली,
एखादं जुनं भांडण ऐकून घ्यावं तशी,
आणि वरून ओरडला,
"अशी केली की दिसतो खांब! गोलाचा, तुझा नाही!"

उतरला. गवताला पाणी सोडायची वेळ झाली होती.
माझा हात अजून वरच होता.