तुटीच्या रकान्यात

मेडिकलच्या औषध भांडारात माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
कूलरची हवा पहिल्या दोघींना पोचते,
मला नुसता आवाज.

सलाईन, सुया, साडेसात नंबरचे हातमोजे.
आवक, जावक, शिल्लक, तूट.
तुटीचा रकाना मी लाल शाईनं भरते, सोळा वर्षं झाली.

हिंगण्याची कंपनी बंद पडली तेव्हा निर्भय रिएकाला गेला,
जहाजांना वेल्डिंग मारायला.
पहिल्याच महिन्यात त्यानं फोटो पाठवला:
पत्र्यावर खडूनं यादी,
बोल्ट, दोन झडपा, एक शिडी,
आणि वर एकच शब्द. नेदोस्ताये.
"कमी आहे," खाली त्यानं लिहिलं, "दिवसभर हेच ऐकतो."
मी हसले. म्हटलं, तिथंही
भांडारवाले आमच्यासारखेच रडतात.

मग एका रात्री कळवलं,
जेवणाच्या सुट्टीत म्हातारा झ्लात्को
बायकोशी बोलताना तोच शब्द म्हणाला,
शेवटी श लावून.
नेदोस्तायेश मि.
तू मले कमी आहेस.
एवढंच. पुढं नेहमीचं,
नळ आले का, गॅसचा नंबर लावला का.

शीलरत्ननं दहावीची वही बाजूला सारून
मोबाइलवरून रूपं काढून दिली.
मी ती जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवली:

नेदोस्तायेम, मी कमी आहे
नेदोस्तायेश, तू
नेदोस्ताये, तो, ती, ते, शिडी
नेदोस्तायेमो, आम्ही
नेदोस्तायेते, तुम्ही
नेदोस्तायु, ते सगळे, ज्यांची नावं घेत नाही

दोस्ता म्हणजे पुरे. ने म्हणजे नाही.
आमच्यात ने म्हणजे घेऊन जा.
स्वतःला ते "या" म्हणतात,
आधी वाटलं, बोलावतात की काय.

आणि जो नाही तोच वाक्याचा कर्ता.
ज्याला दुखतं त्याच्या वाट्याला फक्त मि,
कोपऱ्यात, एका अक्षराचा.
हे मला शिकवावं लागलं नाही.
भूक मले लागते, झोप मले येत नाही,
आमच्या घरी तरी कोण काय करतं,
सगळं आपलं येतं, लागतं, होतं.

भूतकाळात अडले.
ला लावला की तिकडं बाई होते,
पुरुषाला नुसता ओ.
नेदोस्तायाओ, मी दोनदा म्हणून पाहिलं,
लांबून कुणी ओ दिल्यासारखं.
ह्या क्रियापदाला एक भावंड आहे म्हणे,
एकदाच कमी पडून मोकळं होणारं.
ते मी उतरवून घेतलं नाही.

काल फोन आला. मागं क्रेन ओरडत होती.
"ऊन किती?"
"सेहेचाळीस. कूलरचा पंप गेला."
"सदरहून आण, गल्लीतल्याकडून नको."
"हो."
मग दोघंही गप्प. पैसे जात होते.
सहा रूपांतलं एकही तोंडून निघेना.
"तू?" मी विचारलं.
"बरा आहे की," तो म्हणाला.
त्याला वाटलं, मराठीत विचारतेय.
शीलरत्नच्या यादीत अगदी खाली होतं,
पेन्सिलनं, मलाच दिसेल असं:
तू म्हणजे इथे.