आनी

चेऊलच्या मांडवीत मी तोल धरतो.
नाव नागदेव. बाप तोलार, आजा तोलार.
गलबतं येतात, घोडे उतरतात, माणसं उतरतात,
मी वजन सांगतो. गाव विचारत नाही.

त्याला मात्र विचारलं, कारण तो पारड्यात
काही ठेवीचना, नुसता काट्याकडे बघत उभा.
दाढीत मीठ, या उकाड्यात खांद्यावर लोकर.
'कुठला रे तू?'
म्हणाला, 'आनी.'

आम्ही थांबलो.
आणि म्हटल्यावर माणूस पुढं काहीतरी बोलतो.
लखमू तांडेल थांबला, ओझी डोक्यावर धरून गडी थांबले.
हा बोलेना.
खाडीला भरती लागली, मचवे हलले,
तेव्हा कुठं कळलं, ते त्याच्या शहराचं नाव.

समुद्र बंद झाला तसे चार महिने माझ्या पडवीत काढले त्यानं.
मखितार. पोरं म्हणायची मखर.
सुपारी सोलता सोलता आपल्या राजांचं सांगे, आमच्याच बोलीत, तुटक.

ते घराणं मुळात राजांचं नव्हे.
राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा मान त्यांचा,
पिढ्यान्‌पिढ्या हात वर, दुसऱ्याच्या कपाळापर्यंत.
मग एक वेळ अशी आली की डोकंच उरलं नाही,
आणि हात तर सवयीचे.

एक मुकुट खलिफानं धाडला, एक सम्राटानं.
चुलीपाशून बायको म्हणाली,
दोन सोयऱ्यांनी एकदम आहेर केला
की समजावं, दोघांनाही घर हवंय.

देवळंच देवळं म्हणे, तांबूस दगडाची.
'जांभ्यासारखी?'
'ओला जांभा सुकत येतो ना, तशी.'
एक राजा महारोग्यांना पंगतीत शेजारी बसवायचा.
त्याच्या मुलानं भिंत घातली, दुहेरी.
नातवांनी वाटणी केली:
थोरल्याला भिंतीच्या आतलं, धाकट्याला बाहेरचं.
आम्ही हसलो. इथं एका फणसापायी गडगे उठतात.
तो हसला नाही.

थोरल्यानं सम्राटाला लिहून दिलं,
मी गेलो की शहर तुमचं.
असे लेख मोठी माणसं जपून ठेवतात.
पुढचा राजा मिसरूड फुटलेला पोर,
बोलावलं म्हणून पाहुणा गेला,
आणि तिथं त्याच्यासमोर मांडल्या
त्याच्याच वेशींच्या चाळीस किल्ल्या.

'चाळीस? वजन किती भरलं असेल?'
तोलाराची जीभ, काय करणार.
मखितारनं तळहात पुढं केला, उताणा,
आणि हळूहळू खाली नेला,
जमिनीला टेकेपर्यंत.

नारळ वाहिले, समुद्र उघडला, तो गेला. कुठं, ते मी विचारलं नाही.

परवा मांडवीत राजाचा भाट आला.
आमचे राजे ठाण्यात राहतात,
पण बिरुदात अजून तगर नगराचे स्वामी.
तगर कुणी पाहिलंय? माझ्या आजानंही नाही.
भाट आजे, पणजे, खापरपणजे म्हणत खाली उतरला,
आत्ताच्या नावापाशी श्वास घ्यायला थांबला.
कुणीतरी खोकलं. पारडं रिकामंच हललं.
मी मनात म्हटलं,
आनी?